तीन वाचनं चुकली तर

खोलीत दोन संगणक होते, तीन टेलिफोन, एक प्रिंटर, भिंतीवर एक घड्याळ आणि घड्याळाखाली भोंग्याचं लाल बटण. दोन संगणकांपैकी एकावर पत्रं टाइप व्हायची. दुसऱ्याच्या पोटात डिजिटल टेलिफोन लाइनचं कार्ड होतं आणि त्याला दर तासाला डोंगराचा फोन यायचा. डोंगर तिथून एकवीस किलोमीटरवर होता. त्याच्या उतारावर एकशे चाळीस मीटर लांबीची एक भेग होती आणि भेगेवर नऊ पट्ट्या बसवलेल्या होत्या. पट्ट्या नावाच्याच, पूर्वी तिथे खरोखरच्या लाकडी मोजपट्ट्या ठोकल्या होत्या, आता तारा आणि डबे होते, पण नाव तेच राहिलं होतं. भेगेच्या खाली एकोणीस घरं होती, एकोणीस घरांत त्रेसष्ट माणसं. वरून तिसऱ्या घरात एकच माणूस राहायचं आणि ते माणूस म्हणजे दशांशची आई.

दशांश हे तिचं कचेरीतलं नाव. चहा गरम आहे का विचारलं तर ही मुलगी ‘बासष्ट पूर्णांक पाच’ असं उत्तर देईल, असं साहेब एकदा म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती दीड वर्षापूर्वी इथे लागली होती. आधीच्या जागेवरचे काका निवृत्त होताना तिला किल्ल्या, एक वही आणि एक सल्ला देऊन गेले होते. सल्ला असा, की चालत्या मशीनला हात लावू नये.

त्या खोलीचा नियम साधा होता. दर तासाच्या ठोक्यानंतर सात सेकंदांनी डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीतलं यंत्र फोन लावायचं, नऊ आकडे सांगायचं आणि ठेवून द्यायचं. फोन घेतला गेला नाही, तर ते आकडे पुढच्या फोनसाठी राखून ठेवायचं. कुठल्याही पट्टीवर तासाभरात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर भोंगा. लागोपाठ तीन वाचनं आलीच नाहीत, तरीही भोंगा. भोंगा वाजला की वस्तीने ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं.

या वर्षी भोंगा दोनदा वाजला होता. पहिल्यांदा वरच्या खोलीतली बॅटरी बसली होती. दुसऱ्यांदा तारेवर फांदी पडली होती. डोंगर दोन्ही वेळा जागचा हलला नव्हता. दुसऱ्या खेपेला परतताना वस्तीतला दुकानदार मोठ्यांदा म्हणाला होता, “लांडगा आला रे आला!” आणि सगळे हसले होते. आईने ते फोनवर हसतच सांगितलं होतं. दशांशला हसू आलं नव्हतं.

आता तिसरी गोष्ट उभी राहिली होती. टेलिफोन एक्स्चेंजचं पत्र आलं होतं: मंगळवारी सकाळी दहा वाजता आपली डिजिटल लाइन जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाईल. पद्धत म्हणजे एक्स्चेंज आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची रीत. कुणाचा फोन आहे, कुणासाठी आहे, घेतला का, ठेवला का, ही सगळी बोलणी ज्या भाषेत चालतात ती भाषा बदलणार होती. आणि ती भाषा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मुरवलेली होती. जुना कर्नेल जुनीच भाषा जाणत होता. नवा बांधायला हवा होता.

कर्नेल बांधायचा म्हणजे आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची. पडद्यावर शेकडो ओळी येतात, प्रत्येक ओळ एक प्रश्न. डिजिटल टेलिफोन लाइन हवी का? हवी. कुठल्या प्रकारची कार्डं? कुठली पद्धत? आवाजाचे फोन हवेत का? उत्तरं देऊन झाली की मशीन त्या उत्तरांप्रमाणे नवा गाभा तयार करायला बसतं. या मशीनला त्याला एक्केचाळीस मिनिटं लागायची. दशांशने सोमवारी दुपारी ते करून ठेवलं होतं.

“आता एकदा बंद करून चालू करून बघते,” ती म्हणाली होती. “सात मिनिटांचं काम आहे. दोन वाचनांच्या मधे आरामात होईल.”

“गेल्या आठवड्यात सातवी पट्टी ताशी अर्ध्या मिलिमीटरवर गेली होती,” साहेब म्हणाले होते. “चार दिवस पावसाने झोडपलंय. सुरळीत चाललंय ते चालू दे. उद्या करायचंच आहे ना? मग उद्याच कर.”

तिलाही ते पटलं होतं. पटायला नको होतं, हे तिला मंगळवारी दहा वाजून नऊ मिनिटांनी कळलं.

मंगळवारी दहाचं वाचन वेळेवर आलं. सातवी पट्टी, मागच्या तासात शून्य पूर्णांक एक. एक्स्चेंजमधल्या लाइनमनला तिने आधीच गळ घातली होती, की दहाचा फोन होऊन जाऊ दे, मग कळ फिरव. दहा वाजून दोन मिनिटांनी त्याचा फोन आला.

“फिरवली. तुमची गाडी आता नव्या रुळावर. चाळीस लाइनी बदलायच्यात आज, काही अडलं तर लवकर सांगा. नंतर मी देवालाही सापडायचो नाही.”

तिने मशीन बंद करून नव्या कर्नेलवर चालू केलं. ओळी सरकत गेल्या. डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, पडदा सापडला. टेलिफोन कार्डाच्या जागी एकच ओळ आली. तिचा अर्थ, कार्ड नाही.

“कार्ड नाही म्हणजे?” साहेब तिच्या खांद्यावरून बघत म्हणाले. “कालपर्यंत होतं. उंदराने नेलं?”

“आहे. याला दिसत नाही.”

तिने मशीनचं झाकण उघडलं, टॉर्च तोंडात धरली आणि आत वाकून कार्डावरच्या सर्वांत मोठ्या चिपचा नंबर वाचला. मग काकांची वही उघडली. वहीत कार्डाचं नाव होतं, ते बरोबरच होतं. पण त्या नावाची दोन कार्डं निघाली होती, एक जुन्या खाचेत बसणारं आणि एक नव्या. कर्नेलच्या यादीत दोघांसाठी दोन वेगळे प्रश्न होते, एकाखाली एक, दिसायला जुळ्या भावांसारखे. सोमवारी तिने पहिल्याला ‘हो’ म्हटलं होतं आणि दुसऱ्याला ‘नाही’.

“किती वेळ?” साहेबांनी विचारलं.

“एक्केचाळीस मिनिटं. अधिक सात.”

दोघांनी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून एकोणीस. अकराचं वाचन जाणार होतं.

“एक जाऊ दे,” साहेब म्हणाले. “तीन म्हणजे तीन.” आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. डोंगर तिथून निरभ्र दिवशी दिसायचा. त्या दिवशी ढगांची भिंत होती, पायथ्यापासून वर काहीच नव्हतं.

दशांश पडद्यासमोर बसून राहिली. गाभा बांधला जात असताना फाइलींची नावं एकेक करून वर सरकतात. त्यांचा वेग काही तिच्या बघण्याने वाढणार नव्हता, हे तिला माहीत होतं, तरी तिने मान वळवली नाही. अकरा वाजता घड्याळाचा काटा बाराच्या पुढे सात सेकंद सरकला. तिकडे डोंगर फोन लावत असेल. इकडे फोन घ्यायला कुणी नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन पुन्हा उठलं. कार्ड सापडलं. लाइन जिवंत आहे, पद्धत नवी आहे, दोन्ही वाहिन्या मोकळ्या आहेत, असं कर्नेलने एकेका ओळीत सांगितलं. तिने लाइनमनला गाठलं.

“तुमच्याकडे तपासणीचा नंबर आहे ना? मी इथून लावते, तुम्ही घ्या.”

“लावा.”

तिने मशीनकडून नंबर फिरवला. एक सेकंदही लागला नाही.

“आला की,” लाइनमन म्हणाला. “स्वच्छ आलाय, काचेसारखा. झालं तुमचं लग्न. मी पुढच्या मांडवात चाललो.”

फोन ठेवल्यावर तिला दहा वाजल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. साहेबांनी स्वतः उठून दोन कप चहा आणला. अंश किती, असं त्यांनी विचारलंही, आणि तिने बोट बुडवून “सत्तर, कमी-जास्त दोन” असं सांगितलं. साडेअकरा ते बारा हा अर्धा तास त्या दिवसातला बरा गेला.

बारा वाजले. बारा वाजून सात सेकंद झाले. सतरा झाले. एक मिनिट झालं.

आकडे घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत एकच मजकूर होता: फोन नाही.

“घड्याळ मागे पडलं असेल त्याचं,” साहेब म्हणाले.

“आज दहाला सात सेकंदांवर होतं.”

बारा वाजून पाच मिनिटं झाली. अकराचं वाचन का नाही, याचं उत्तर तिच्याकडे होतं: मशीनला कार्डच दिसत नव्हतं. बाराचं का नाही, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. लाइन चालू होती, तिने स्वतः तपासली होती, लाइनमनने काचेसारखी म्हटलं होतं. इकडे सगळं ठीक असेल, तर बिघाड तिकडे होता. तिकडे म्हणजे पत्र्याची खोली, बॅटरी, तार. किंवा खोली ज्यावर उभी आहे ते.

“वरच्या यंत्राला आपण फोन लावला तर?”

“ते घेत नाही. बॅटरी वाचवायला काकांनी तसंच ठेवलंय. ते फक्त लावतं.”

“कुणाला वर पाठवलं तर?”

“अडीच तास. आणि मी कुणाला पाठवणार नाही, साहेब. आज नाही.”

साहेबांची नजर लाल बटणाकडे गेली आणि तिथून पटकन निघाली. तिसऱ्यांदा खोटा भोंगा वाजला तर काय होईल, हे दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती. दुसऱ्या वेळी सहा माणसं घरातून निघालीच नव्हती.

साडेबाराला तिने आईला फोन लावला.

“जेवलीस?”

“साडेबाराला कामावरून फोन करून जेवलीस का विचारतेस,” आई म्हणाली. “काय झालं ते सांग.”

“अजून काही नाही. एकला कदाचित भोंगा वाजेल.”

“परत?”

“परत.”

“डोंगर सरकलाय?”

“माहीत नाही.”

“मग भोंगा कशाला?”

“माहीत नाही म्हणूनच.”

“वा!” आई म्हणाली. “म्हणजे तुझ्या मशीनला शिंक आली, की मी हा गुडघा घेऊन ओढ्याचा पूल ओलांडायचा आणि शाळेच्या बावीस पायऱ्या चढायच्या. वर तो दुकानदार आहेच, पायरीपायरीवर ‘या, लांडग्याला भेटायला या’ म्हणायला. हे बघ, सरकला असेल तर सरकला म्हण. मी उठते. ‘माहीत नाही’वर माझा गुडघा उठत नाही.”

दशांशने डोळे मिटले. तिला खोटं बोलणं सोपं होतं. सरकला, दोन पूर्णांक चार, पळ. आई पळाली असती. पण मग पुढच्या वेळी तिचा आकडा आईसाठी भोंग्याइतकाच स्वस्त झाला असता.

“आई, अकराचं वाचन माझ्या चुकीने गेलं. बाराचंही माझ्याच चुकीने गेलं असेल. मला कळत नाहीये. मला सकाळी दहापासून डोंगर दिसत नाहीये, एवढंच खरं आहे.”



“तू काय म्हणालीस?”

“दिसत नाहीये.”

“त्याच्या आधी.”

“चूक माझी असेल.”

“लहानपणी दुधाचं पातेलं उलथलंस,” आई सावकाश म्हणाली, “तर तीन तास मांजरीचं नाव घेत होतीस. आपल्याकडे मांजर नव्हती. आणि आज न विचारता स्वतःचं नाव घेतेस? म्हणजे काहीतरी भलतंच बिनसलंय.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “थांब, गॅस बंद करते. शेजारणीला हाक मारते. भोंग्याची वाट कशाला बघायची, या गुडघ्याने आत्ता निघाले तर एकला पोचेन.”

एक वाजून सात सेकंदांनी काही आलं नाही. साहेबांनी पाच मिनिटं थांबायचं ठरवलं होतं. ती पाच मिनिटं त्यांनी उभ्याने काढली, हात मागे बांधून. एक वाजून पाच मिनिटांनी ते घड्याळाखाली गेले, रुमालाने अंगठा पुसला आणि लाल बटण दाबलं. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. भोंगा एकवीस किलोमीटरवर होता. बटणातला दिवा तेवढा लागला.

वीस मिनिटांनी शाळेतून मास्तरांचा फोन आला. पंचावन्न माणसं आली होती.

“आठ राहिली,” साहेब फोन ठेवून म्हणाले. “ती काय आता येत नाहीत.” ते खुर्चीत बसले. “काय केलंस तू अकराला? म्हणजे तपासलंस कसं? मला शाळेतल्या पोरासारखं सांग.”

“इथून फोन लावला. एक्स्चेंजमध्ये गेला. त्यांनी घेतला.”

“आणि हे मशीन रोज कुणाला फोन लावतं?”

“कुणालाच नाही. ते फक्त घे...”

वाक्य तिथेच राहिलं. साहेबांना काही सुचवायचं नव्हतं, ते आपले क्रम समजून घेत होते. पण दशांश उठली, बसली आणि कीबोर्ड पुढे ओढला. या मशीनने जन्मात कधी फोन लावला नव्हता. त्याचं एकच काम, आलेला घेणं. आणि तिने नेमकी ती एक गोष्ट सोडून सगळं तपासलं होतं, कारण लावणं तिच्या हातात होतं आणि येणं दुसऱ्याच्या.

आतापर्यंत ती आकडे घेणाऱ्या प्रोग्रॅमची नोंद बघत होती. फोन उचलला गेला तरच त्या प्रोग्रॅमला पत्ता लागायचा. दारावर कोण येऊन गेलं हे घरातल्या पाहुण्याला विचारण्यासारखं होतं ते. दाराशी कर्नेल बसलेला होता. तिने कर्नेलची नोंद उघडली आणि खाली सरकत गेली.

बारा वाजून शून्य मिनिटं सात सेकंद: दोन-सात-एक-तीन-शून्य-चार या नंबरसाठी फोन, दुर्लक्षित.

एक वाजून शून्य मिनिटं सात सेकंद: तसाच, दुर्लक्षित.

“आला होता,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा आला होता. यानेच घेतला नाही.”

“का?”

ते कळायला तिला अजून चार मिनिटं लागली. जुन्या पद्धतीत एक्स्चेंज फोन देताना लाइनच्या नंबरातला शेवटचा आकडा तेवढा सांगायचं: चारसाठी आहे. काकांनी आठ वर्षांपूर्वी मशीनच्या फाइलीत लिहून ठेवलं होतं, तुझं नाव चार. नव्या पद्धतीत एक्स्चेंज पूर्ण नंबर सांगत होतं. घरात ‘बाळ’ या हाकेलाच ओ द्यायची सवय असलेल्याला कुणीतरी दारात येऊन पूर्ण नावाने विचारावं आणि त्याने ‘इथे असं कुणी राहत नाही’ म्हणून आत निघून जावं, तसं झालं होतं. कर्नेलमध्ये दोष नव्हता. तिने भाषा बदलली होती आणि नाव जुन्या भाषेतलंच ठेवलं होतं.

तिने ‘४’ खोडून सहा आकडे लिहिले. पुन्हा बांधायची गरज नव्हती. लाइनमनला गाठायला अकरा प्रयत्न लागले.

“आता तुम्ही लावा,” ती म्हणाली. “मी घेते.”

“सकाळी झालं होतं ना लग्न?”

“उलटं झालं होतं. लावा.”

त्याने लावला. मशीनने घेतला. एक वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

साहेबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मोठ्ठा उसासा टाकला. “सुटलो! डोंगर बिचारा वेळेवर फोन करत होता. लाव मास्तरांना, सांग त्यांना, घरी जा म्हणावं. पोरंबाळं उपाशी असतील.”

“नाही, साहेब.”

“नाही काय?”

“फोन आला याचा अर्थ खोली उभी आहे, बॅटरी आहे, तार शाबूत आहे. भेग किती उघडली हे त्यात नाही. ते फोन घेतल्यावर कळतं, आणि आपण एकही घेतलेला नाही. सातवी पट्टी खोलीपासून नव्वद मीटरवर आहे.”

“अगं, तुझी चूक सापडली ना?”

“माझी चूक सापडली. डोंगराचा आकडा नाही सापडला.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर पंचावन्न वैतागलेली माणसं होती, वरच्या कचेरीचा उद्याचा फोन होता आणि चौथ्या वेळचा भोंगा होता. तिच्या डोळ्यांसमोरही हेच सगळं होतं. शिवाय वरून तिसरं घर होतं. चार दिवसांच्या पावसानंतरचे जवळजवळ चार तास तिने एकाही आकड्याशिवाय काढले होते. आईने घरी परतून पुन्हा गॅस पेटवावा आणि दोन वाजता सातव्या पट्टीवर नऊ मिलिमीटर दिसावेत, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

“मग तूच बोल त्यांच्याशी,” साहेब म्हणाले आणि फोन तिच्याकडे सरकवला. “मी नाही बोलत.”

मास्तरांनी फोन घेतला तेव्हा मागे गलका होता. तिने सांगितलं ते मास्तर मोठ्यांदा पुन्हा सांगत गेले, त्यामुळे तिला आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. चूक कचेरीतल्या बाईंची होती. मशीनमध्ये नंबर चुकीचा राहिला होता. आता दुरुस्त झालाय. तरीही दोनपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

गलका दुप्पट झाला. कुणीतरी फोन हिसकावला.

“बाई, मी दुकानदार बोलतोय. दुकान उघडं टाकून आलोय. लांडगा नाही हे तुम्हीच सांगताय आणि वर थांबाही म्हणताय?”

“लांडगा नाही असं मी म्हटलं नाही, काका. मी इतका वेळ भलत्याच दिशेला बघत होते, असं म्हटलं.”

“हे म्हणजे डॉक्टरने आपला चष्मा हरवला म्हणून पेशंटने उपास करायचा!”

“वीस मिनिटं करा. मग मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.”

पलीकडे झटापट झाल्यासारखा आवाज आला आणि मग आई.

“दोनला आकडा येणार?”

“यायला हवा.”

“दशांशासकट?”

कचेरीतलं नाव तिथपर्यंत पोचलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. “दशांशासकट,” ती म्हणाली.

“बरं. ए मास्तर, ती खुर्ची इकडे द्या जरा. दाराला लावा. हां, तिथेच.” आवाज फोनपासून लांब गेला आणि परत आला. “मी दारात बसलेय पाय पसरून. दुखरा गुडघा पुढे काढलाय. बघू कोण ओलांडतं ते. पण ते आठजण घरीच आहेत, त्यांचं मला काही करता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“आणि तू जेवलीस का?”

“नाही.”

“मग ठेव फोन. बघ तुझ्या मशीनकडे.”

एक वाजून सत्तावन्न. दशांशने फाइल तिसऱ्यांदा उघडून सहा आकडे एकेक करून वाचले. दोन, सात, एक, तीन, शून्य, चार. साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. एक वाजून एकोणसाठ. तिने शाळेचा फोन पुन्हा लावून रिसीव्हर टेबलावर उघडा ठेवला. त्यातून एका लहान मुलाचं रडणं येत होतं, बारीक, थांबून थांबून.

दोन वाजले. सात सेकंद झाले आणि काही आलं नाही.

आठ. नऊ. साहेबांनी तिच्या खुर्चीची पाठ धरली. दहा.

अकराव्या सेकंदाला, जोडणी पुरी झाल्यावर, कर्नेलच्या नोंदीत ओळ उमटली: दोन-सात-एक-तीन-शून्य-चारसाठी फोन, घेतला. प्रोग्रॅम जागा झाला. वरच्या यंत्राने न पोचलेली वाचनं सांभाळून ठेवली होती, आधी अकराची, मग बाराची, एकची आणि शेवटी दोनची. नऊ पट्ट्या, चार ओळी, छत्तीस आकडे. प्रिंटर सुरू झाला. तिने कागद पुरता बाहेर यायची वाट बघितली नाही, दोन बोटांनी वर धरून सातवा रकाना शोधला, वरून खाली वाचला, बेरीज केली आणि ती पुन्हा पडताळली. मग तिने टेबलावरचा रिसीव्हर उचलला.

“मास्तर, लिहून घ्या. सातवी पट्टी. सकाळी दहा ते दुपारी दोन. शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.”